कात्रीकाकूंचा अडलेला अंगठा

कात्रीकाकूंना दुकानात खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नाही. भावाचं शिवणाचं दुकान, शिवायला चौघीजणी, पण कापड बेतणं आणि कापणं तीस वर्षं एकट्या काकूंकडे, आणि त्याचा त्यांना तोराही भारी.

नेमका उजवा अंगठाच रुसला. वाकला की तिथेच अडकायचा, डाव्या हाताने ओढला की कट्‌कन सरळ. काकू महिनाभर टेबलाखाली हात नेऊन गुपचूप ओढत राहिल्या. झाकली मूठ किती दिवस राहणार? एका कोटाची बाही कापताना अंगठा मधेच अडला, कात्री तिरकी गेली, महागडं कापड वाया. भावजयीने तोंडाचा पट्टाच सोडला. वन्संनी आता बटणं लावत बसावं, कापायला आपण मशीन आणू, असं चौघींसमोर म्हणाली. आणि भाऊ, सख्खा भाऊ, मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसला.

काकूंनी डोळ्यांतलं पाणी तिथेच गिळलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

अंगठ्याला आधाराची पट्टी झाली, इंजेक्शन झालं, दोन महिन्यांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं की अंगठा ओढणारी दोरी एका बोगद्यातून जाते, तो बोगदा आवळलाय. जागा बधिर करून सुईच्या टोकानेच तो मोकळा करायचा, चिरफाड नाही, टाके नाहीत. काकू म्हणाल्या, आजच करा.

सुई आत गेली, करकर जाणवली, बाहेर आली. अंगठा वाकवायला सांगितला, वाकला. सरळही झाला. नर्सने चिकटपट्टी सोललीसुद्धा.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मला कात्री द्या."

"आता कात्री कशाला, काकू?"

"रिकामा अंगठा कुणाचाही वाकतो. मला कापून बघायचंय."

नर्सला हसू आवरेना, पण डॉक्टरीणबाईंनी ट्रेमधली निर्जंतुक कात्री आणि जाळीच्या कापडाची जाड घडी पुढे केली. पहिला काप सरळ. दुसराही. तिसऱ्याला कात्री उघडताना अंगठा केसभर थबकला. अंगठा बधिर होता, काकूंचे डोळे थोडेच बधिर होते?

"अजून धरतोय."

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवून पुन्हा कापायला लावलं आणि मान हलवली. थोडं राहिलंय खरं. सुई पुन्हा आत गेली. मग काकूंनी त्या घडीच्या अशा चिंध्या केल्या की नर्सला कात्री काढूनच घ्यावी लागली.

आठ दिवस जड काम बंद होतं, ते काकूंनी दात-ओठ खाऊन पाळलं. नवव्या दिवशी सकाळी त्या टेबलाशी उभ्या. भावजयीने लोकरीचं जाड कापड अंथरलं, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "वन्सं, नक्की ना?"

काकूंनी कात्रीत अंगठा घातला. खडूच्या रेघेवरून कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, एकदाही न थांबता.

"पुढचं अंथर," काकू म्हणाल्या.