मोरीच्या पाण्याची निवृत्ती

समस्त ग्रामस्थ, पैपाहुणे आणि वधू-वर पक्षाकडील मंडळी, इकडे लक्ष द्या! अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या मोरीच्या पाण्याने प्रदीर्घ सेवेनंतर सार्वजनिक जीवनातून निवृत्ती घेतली आहे. यापुढे ते उघड्यावर दिसणार नाही. कृपया कोणी भेटीस येऊ नये.

वधू-वर पक्ष मध्ये घुसला तो सवयीनं. घोडेगावपासून जुन्नरपर्यंत कुठंही लग्न असलं की माइक बहुतेक माझ्याच हातात असतो. हळदीपासून पंगतीपर्यंत मी बोलतो आणि मांडव हसतो. मग घरी येऊन कुलूप काढतो, आणि त्या कुलपाच्या आवाजानंतर घरात दुसरा आवाज नसतो. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरीला, ती रविवारी फोन करते आणि जेवलात का विचारते.

याच आवाजापायी ग्रामपंचायतीनं मला स्वच्छता समितीवर घेतलं. घंटागाडीवर वाजणारी सूचना माझीच आहे: “माताभगिनींनो, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!” म्हणजे रोज सकाळी मीच माझ्या दारावरून जातो, मलाच हाक मारतो, आणि मीच डबा घेऊन बाहेर येतो. असा मान फार थोड्यांना मिळतो.

पण घंटागाडीच्या आधी माझी सकाळ सुरू व्हायची ती शेजारच्या वहिनींनी. आमच्या आळीत त्यांचं घर उताराला. माझ्या मोरीचं पाणी भिंतीतून बाहेर पडून थेट त्यांच्या परसात. त्याही एकट्या, त्यांचे यजमान वारले, मुलं चाकणला कंपनीत. माझी आंघोळ उरकली की पाण्याबरोबर त्यांचा आवाज यायचा.

“भावजी, हत्ती धुताय का घरात?”

“हत्तीच आहे वहिनी. भीमाशंकरच्या जंगलातून पळून आलाय.”

“मंग त्येला सांगा, साबण जरा कमी लाव. वास बघा कसा सुटलाय!”

“चंदनाचा आहे!”

“कसलं चंदन राव! मेलेल्या बेडकाचा वास येतोय.”

हे रोज. आणि त्याच पाण्यावर त्यांनी अळू लावलेलं, पानं सुपाएवढी. अधूनमधून फदफद्याची वाटी भिंतीवर यायची. “खा, तुमच्याच साबणाचं हाय.” मी खायचो. उत्तम व्हायचं.

मग पंचायतीनं ठरवलं की गावात सांडपाणी उघड्यावर वाहता कामा नये, घराघरांत शोषखड्डा हवा. घोडेगावहून पंचायत समितीचे साहेब पाहणीला येऊन गावाला स्वच्छतेचे मार्क देणार होते. ग्रामसेवक म्हणाले, “समितीच्या माणसानं आधी करून दाखवलं तर लोक ऐकतील.” समोर चार लोक दिसले की मला नाही म्हणता येत नाही. मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं की पहिला खड्डा माझ्या अंगणात. टाळ्या झाल्या.

खड्डा झाला. तळाशी दगड, वर खडी, मधोमध भोकं पाडलेला ड्रम. मोरीचा पाइप त्यात सोडला. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली, जरा जास्तच पाणी ओतलं, आणि अंग पुसत मोरीत उभा राहिलो. पाणी गडगडत ड्रममध्ये गेलं. जमिनीनं गिळलं. बाहेर काहीच झालं नाही.

मी वाट पाहिली. मुद्दाम खाकरलो. शेवटी आवाज आला तो माझाच: “माताभगिनींनो...”

मग रोज तसंच. वहिनी परसात दिसायच्या. मी हात वर करायचो, त्या मान हलवायच्या. बोलायचं काय? कारण नसताना बाईमाणसाशी भिंतीवरून गप्पा मारायची आमच्या आळीत रीत नाही. भांडायची आहे. भांडणाला कुणी नावं ठेवत नाही. गप्पा मारल्या तर समोरच्या ओसरीवरचे म्हातारे माना वळवतात. खड्डा खणताना हा हिशेब कुणाच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही.

वहिनींचं अळू कडेनं पिवळं पडत गेलं. त्या बादलीनं पाणी घालायच्या. एकदा वाटलं, रात्री पाइप ओढून काढावा. समितीचा मी, पाहणी तोंडावर आलेली, नाही काढला. लग्नसराईही संपलेली. एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तोंड उघडलेलं नसायचं, आणि दुकानात चहापत्ती मागताना घसा साफ करावा लागायचा.

पाहणीच्या दिवशी साहेब आले. सोबत सरपंचताई, ग्रामसेवक आणि निम्मी आळी. मी फेटा बांधून खड्ड्याची ओळख करून दिली, नवरदेवाची करून देतात तशी. लोक हसले. साहेबांनी झाकण उचलून पाहिलं, मान डोलावली. मग त्यांना खालच्या घरचंही मत हवं झालं. ग्रामसेवकांनी वहिनींना बोलावून घेतलं आणि हळूच म्हणाले, “चांगलं बोला बरं का आक्का, गावाच्या मार्कांचा प्रश्न आहे.”

वहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या.

“काय आजी,” साहेब म्हणाले, “आता घाण पाणी येत नाही ना? बरं वाटतं ना?”

“व्हय सायेब. बरं हाय.”

“काही तक्रार?”

“न्हाई.”

ग्रामसेवकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साहेब लिहायला लागले. मी फेट्याचा शेमला उगाचच ठीक केला. तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सगळ्या आळीदेखत मोठ्यानं बोलून गेल्या:

“पर सायेब, ह्यास्नी सांगा की, रोज सकाळी थोडं तरी कायतरी सांडत जा म्हनावं!”