पुस्तकात नसलेली बाई

फोडणीतली मोहरी जळाल्याचा वास आला की मला एका इंग्रजी कादंबरीतली भुताची बाई आठवते. आई गेली त्या वर्षी बाबा ती कादंबरी आम्हा भावंडांना रोज दुपारी ऐकवायचे. जबलपुरात वाढणाऱ्या पोरांची मराठी सुटू नये, म्हणून हातात इंग्रजी पुस्तक धरून ते तोंडानं मराठीत सांगायचे. ती बाई येण्याआधी घरभर जळक्या मोहरीचा वास सुटायचा, मग ती उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, "पोरंहो, जेवले का?" आम्ही घाबरून बाबांना चिकटायचो. पुढे मोठेपणी, जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या त्याच घरात, एका रविवारी आम्ही त्या कादंबरीवरचा जुना सिनेमा आणि नवी वेबसिरीज लागोपाठ पाहिली. दादाला सिनेमा आवडला, कारण त्यात भूत दिसतच नाही. मला सिरीज आवडली, कारण तिच्यातलं भूत रडतं. पण उंबऱ्यावरची बाई दोन्हींत नव्हती. "काटली असेल यार," म्हणत दादानं कपाटातून पुस्तक काढलं आणि शेवटच्या पानापर्यंत चाळलं. "बाबा, यातही नाहीये ती." बाबा चष्मा पुसत म्हणाले, "काहून नाही? समोर उभी राहायची, तेच तर सांगून राहिलो होतो मी." तेव्हा आठवलं, सांगताना बाबा पानाकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे, आणि आई होती तेव्हा तिची मोहरी रोजच जळायची. आज माझ्या कढईत मोहरी जळाली, आणि गॅस बंद करायचा सोडून मी किती तरी वेळ दाराकडे बघत राहिले.