रविवारी कोण आलं होतं

त्या गावात दोन चर्चं, धान्याचं एक कोठार, एक गॅस स्टेशन आणि एक साप्ताहिक होतं. इलिनॉयच्या पश्चिम भागात, शिकागोपासून तीन तासांवर. बायको तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि मी गावात 'डॉक्टरचा नवरा' म्हणून ओळखला जात होतो. त्याआधी मी आठ वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. साप्ताहिकाच्या मालकाने मला कामावर घेतलं त्याची दोन कारणं त्याने सांगितली होती. मला स्पेलिंग येत होतं आणि गावात माझं कुणी नात्यातलं नव्हतं. निःपक्षपाती माणूस मिळवण्याचा दुसरा मार्ग त्याला माहीत नव्हता.

साप्ताहिक गुरुवारी निघे. पहिल्या पानावर हवामान आणि शाळेचं बास्केटबॉल, पाचव्यावर निधनवार्ता. पण लोक आधी तिसरं पान उघडत, कारण तिथे रविवारी कोणाकडे कोण जेवायला आलं होतं ते छापलेलं असे.

हे सदर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई चाळीस वर्षं लिहीत होत्या. रविवारी दुपारी त्या घराघरांत फोन करत आणि सोमवारी सकाळी मजकूर आमच्या दारातून आत टाकत. तो बियाणं कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेला असे. प्रत्येक नोंद एकाच साच्यातली. अमुक यांच्याकडे त्यांची मुलगी, जावई आणि तीन नातवंडं जेवायला होती. हॅम आणि गोड म्हणून सफरचंदाचा पाय होता. वेळ आनंदात गेला.

शेवटचं वाक्य मी न चुकता कापायचो. वार्ताहर स्वतः हजर नव्हता आणि आनंदाला पुरावा नव्हता.

सदराचे काही नियम होते, ते मला हळूहळू कळले. त्यात घटस्फोट होत नसे. एखाद्या रविवारपासून सून वाक्यातून निघून जाई, एवढंच. कर्करोग झालेला माणूस 'विश्रांती घेत' असे. आणि सगळ्यात मोठा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. ज्याच्याकडे रविवारी माणसं येतात त्याचं ठीक चाललेलं आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाचं नाव दोनतीन महिने तिसऱ्या पानावर आलं नाही, त्याच्या दाराशी चर्चच्या समितीतल्या पाच बायका ओव्हनमध्ये भाजलेलं गरम कॅसरोल आणि वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक घेऊन उभ्या राहत. वृद्धाश्रम पाण्याच्या टाकीपलीकडे होता. तिथे गालिचे होते आणि मंगळवारी बिंगो असे. तिथे गेलेला माणूस पुन्हा पेपरात यायचा तो पाचव्या पानावर.

गावाबाहेर दोन मैलांवर, खडीच्या रस्त्याला एक निवृत्त शेतकरी एकटे राहत. वय सत्त्याऐंशी. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, जमीन शेजारी कसत होता. त्यांना त्या घरातून कुठेही जायचं नव्हतं. तसं ते कधी बोलले नाहीत. त्या भागात कुणी तसं काही बोलत नाही. त्यांनी फक्त पुढच्या तीन हिवाळ्यांना पुरतील इतकी लाकडं फोडून गोठ्याच्या भिंतीला रचून ठेवली होती.

त्यांचा मुलगा शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहायचा. काचेच्या इमारतीत नोकरी, दोन मुलं, मुलांचं सॉकर. सदरानुसार तो दर तिसऱ्या रविवारी सहकुटुंब वडिलांकडे जेवायला येत असे. शॉमबर्गला आमचेही मित्र होते. आम्ही शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर डाळी आणि पिठं आणायला जाताना त्यांच्याकडे मुक्काम करायचो. ते लोक आम्हाला वर्षातून एकदा येतो म्हणायचे आणि तेवढंही त्यांना जमत नव्हतं. त्यामुळे या मुलाबद्दल मला आदर होता.

फेब्रुवारीत मालक फ्लोरिडाला गेला. "हवामान आणि बास्केटबॉल चुकवू नकोस," त्याने बजावलं. "बाकी चुकलं तर लोक सांभाळून घेतात."

त्या सोमवारच्या मजकुरात त्या मुलाची भेट होती, पण नातवाच्या नावाचं स्पेलिंग आधीपेक्षा वेगळं होतं. दोन स्पेलिंगं असली की फोन करायचा, हे मला पुण्यात शिकवलेलं होतं. मी शॉमबर्गला फोन लावला. सून बोलली.

"या रविवारी? नाही, आम्ही नव्हतो. थँक्सगिव्हिंगनंतर जमलंच नाही. का, बाबा बरे आहेत ना?"

बरे आहेत, असं सांगून मी फोन ठेवला आणि मागचे अंक काढले. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर चार भेटी छापल्या होत्या. एकीत टर्की होती, एकीत नातवाने पियानो वाजवला होता.

पुण्यात असं झालं की दुरुस्ती छापत. मी छापली. तिसऱ्या पानावर, खाली, चौकटीत: गेल्या काही अंकांत अमुक यांच्याकडे त्यांचे चिरंजीव सहकुटुंब आल्याचं प्रसिद्ध झालं होतं. अशा भेटी झालेल्या नाहीत. चुकीबद्दल दिलगीर आहोत. भाषा नेमकी होती. मी ती दोनदा वाचली आणि समाधानाने घरी गेलो.

गुरुवारी पेपर निघाला. शुक्रवारी पोस्टात खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, "वाचला तुमचा पेपर. वेगळाच होता." त्या भागात यापेक्षा कडक निषेध करण्याची पद्धत नाही. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. शनिवारी मला तीन ट्रक भेटले आणि तिन्ही वेळा बोटं स्टिअरिंगवरच राहिली.

घरी बायकोने पेपर टेबलावर ठेवला होता.

"हे तू छापलंस?"

"फॅक्ट चेक केलं. भेटी झाल्याच नव्हत्या."

"अरे, समिती गेली होती काल आजोबांकडे. क्लिनिकमध्ये सगळ्या तेच बोलत होत्या. कॅसरोल आणि ब्रोशर. मुलालाही फोन केलाय. तो म्हणाला, विचार करतो."

"मी खरं तेच छापलं."

"तुझी आई पाच वर्षं साताऱ्यात सगळ्यांना सांगतेय, दिवाळीला येतोय म्हणून. तिचीही दुरुस्ती छाप ना. चौकटीत."

आमच्या साताऱ्यात असं सदर नाही, हे माझं नशीब होतं.

सोमवारी सदर लिहिणाऱ्या बाई मजकूर दारातून न टाकता स्वतः आत आल्या. बूट पायपुसण्यावर झटकले, टोपी काढली नाही. खुर्ची दिली तर म्हणाल्या, थांबणार नाही, आणि बसल्या.

"त्या चार भेटी तुम्ही बनवल्या," मी म्हणालो.

"पाच. एक तुझ्या नजरेतून सुटली. त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांचा काही दोष नाही. मी फोन केला की ते म्हणायचे, तसं ठीक आहे. मग मी लिहायचे."

"पण लोकांची फसवणूक झाली."

"कुणाची?" त्यांना खरंच कुतूहल वाटलेलं दिसलं. "त्या रस्त्याला कोणती गाडी वळली हे इथे आंधळ्यालाही कळतं. मुलगा येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं."

"मग छापायचं कशाला?"

"छापलेलं होतं तोवर कुणाला काही करावं लागत नव्हतं. आता तू छापलंस, की तो येत नाही. आता समितीला जावंच लागणार. त्या काही वाईट बायका नाहीत, पण आता बघितलं नाही असं म्हणायला तू त्यांना जागा ठेवली नाहीस." त्या उठल्या. "तुमच्याकडे म्हाताऱ्यांबद्दल पेपरात असं छापतात?"

"आमच्याकडे म्हाताऱ्यांकडे कोण आलं ते छापत नाहीत."

"वेगळंच आहे," त्या म्हणाल्या आणि मजकूर ठेवून गेल्या.

त्यातली पहिलीच नोंद अशी होती: 'रविवारी दुपारी अमुक यांच्याकडे गावच्या डॉक्टर आणि त्यांचे पती जेवायला होते. पाहुणे मूळचे भारतातले. त्यांनी सफरचंदाचा पाय आणला होता. वेळ आनंदात गेला.'

रविवारी दुपारी आम्ही घरी होतो. बायको झोपली होती आणि मी बर्फ काढत होतो. मी बाईंना फोन केला.

"आम्ही गेलो नव्हतो."

"मला माहीत आहे. गाडी तुमच्या दारात होती."

"हे मी छापू शकत नाही."

"मग नको छापूस. तुमच्याकडे दुरुस्तीची पद्धत आहेच." फोन बंद झाला.

मी नोंद बाजूला ठेवली. पुण्याच्या शिस्तीत यासाठीही एक सोय होती: खात्री न झालेली बातमी पुढच्या अंकासाठी राखून ठेवायची. संध्याकाळी बायकोला सांगितलं.

"मी त्यांची डॉक्टर आहे यार. पेशंटकडे जेवायला कशी जाऊ?"

"गावात तुझा पेशंट नसलेला एक माणूस दाखव."

"तू आहेस," ती म्हणाली. "पण तुझ्यावर इलाज नाही." मग तिने रवा किती उरलाय ते बघितलं.

त्या भागात दुपारचं जेवण म्हणजे बारा. आपल्याकडच्या हिशेबाने आम्ही एकला निघणार होतो. रविवारी बायकोने पावणेबाराला मला गाडीत घातलं. म्हातारे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. आम्ही येणार हे कुणी सांगितलं, ते आम्ही विचारलं नाही. ताटं तीन मांडली होती. हॅम, उकडलेले बटाटे, डब्यातला मका. मी हॅम खात नाही हे मी सांगणार होतो, पण त्यांनी माझ्या ताटात आधीच जास्तीचे बटाटे वाढले. गावात हेही माहीत होतं.

फ्रिजवर चुंबकांखाली पेपरची कात्रणं होती. पाच भेटींची पाच, तारखेच्या क्रमाने. त्याखाली माझी दुरुस्ती, चौकटीच्या रेषेवरून नीट कापलेली.

मी तिकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"स्पेलिंग बरोबर होतं," ते म्हणाले.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"याहून वाईट होऊ शकलं असतं." त्यांनी मका पुढे सरकवला. "पियानो तेवढा जास्त झाला. आमच्याकडे पियानो नाही."

बायकोने शिऱ्याचा डबा उघडला. हा ओटमील आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हटल्यावर त्यांनी एक घास खाल्ला, खिडकीबाहेर बघितलं, आणि दुसऱ्यांदा घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले. बायकोने मला टेबलाखालून पाय मारला. नऊ वर्षांच्या संसारात माझ्याकडून तिच्या शिऱ्याला इतकी दाद मिळाली नव्हती.

साडेबाराच्या सुमारास खडीच्या रस्त्यावरून एक गाडी अगदी सावकाश गेली. आत टोप्या घातलेल्या तीन बायका होत्या. त्यांनी आमची गाडी पाहिली, नंबर पाहिला, मग खिडकीतून टेबलाकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी काटा खाली न ठेवता दुसऱ्या हाताचं एक बोट उचललं. गाडीतूनही एक बोट उचललं गेलं. मग गाडीने वेग घेतला.

वृद्धाश्रमाचं पत्रक मायक्रोवेव्हखाली होतं. एक पाय आखूड होता, तिथे घडी घालून सरकवलेलं.

निघताना ते म्हणाले, "रस्ता चांगला असतो रविवारी." तिथल्या भाषेत हे आमंत्रण असतं. आम्ही दर महिन्याला एकदा गेलो. एप्रिलमध्ये मुलगाही आला, चाळीस मिनिटं थांबला, आणि बाईंनी त्याच्या जेवणाला अर्धा रकाना दिला. लाकडं रचली होती तेवढे तीनही हिवाळे म्हातारे त्याच घरात राहिले.

त्या पहिल्या जेवणानंतरच्या सोमवारी मी राखून ठेवलेली नोंद काढली. तारीख बदलली. 'सफरचंदाचा पाय' खोडून 'रव्याचा गोड पदार्थ' केलं, कारण वस्तुस्थिती तशी होती. शेवटच्या वाक्यापाशी पेन्सिल नेहमीप्रमाणे आडवी झाली. मग मी ती उचलली. या वेळी वार्ताहर स्वतः हजर होता.