कारण: समुद्र

भोसरी ते चाकण, कुठल्याही कामगाराला विचारा ‘सी-ऑफ’ म्हणजे काय. सुट्टीच्या दिवशी कंपनीने कामाला बोलवायचं, ओव्हरटाइम द्यायचा नाही आणि म्हणायचं, बदली सुट्टी नंतर घ्या. ती बदली सुट्टी म्हणजे सी-ऑफ. नंतर म्हणजे कधी? प्रॉडक्शन संपल्यावर. प्रॉडक्शन कधी संपतं? कंपनी बंद पडल्यावर! आणि मार्च सरला की साठलेले सगळे सी-ऑफ बाद. कामगार संघटनेचं काम करणारी मी याला लूट म्हणते. तसं छापलेली पत्रकं गेटवर वाटते. लोक पत्रक घेतात, त्यावर वडापाव ठेवतात आणि मन लावून खातात.

माझी रूम-पार्टनर चाकणला, गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत. मूळची लातूरकडची. पाण्याशी संबंध टँकरपुरता. तिच्याकडे सी-ऑफचा ढीग साठला होता. एका गुरुवारी, आमच्या भागातल्या सुट्टीच्या वारी, तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. अंदमान. हिरवट, निवळ पाणी, लांबवर विखुरलेली बेटं आणि त्यांच्यामधून एक अरुंद होडी वल्हवत चाललेल्या दोन बायका.

“ह्याला कयाक म्हणतेत. बेटाबेटातून हिंडायचं. बग की, आणिक एक माणूस न्हाई. भोंगा न्हाई, सुपरवायझर न्हाई.”

“तू समुद्र तरी पाहिलायस का?”

“म्हणूनच जायचंय न्हवं, येडे!”

जायचं तर मार्चच्या आत. नंतर सी-ऑफ बाद, आणि एप्रिलपासून तिच्या कंपनीत नवी प्रॉडक्शन लाइन सुरू होणार होती. मग वर्षभर सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. ती रजा मागायची आणि दरवेळी सुपरवायझर म्हणायचा, “बघू.”

तोवर आम्ही तयारीला लागलो. भिंतीवरचं माझं ‘कंत्राटी पद्धत रद्द करा’चं पोस्टर खाली उतरलं आणि तिथे बेटांचा नकाशा लागला. कुठून कुठे वल्हवायचं, मुक्काम कुठे, भरती कधी, सगळं पेनाने आखलं. कयाकवाल्याने फोनवर विचारलं, पोहता येतं का? ही म्हणाली, “येईल की.” दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या तलावात बायकांच्या बॅचला नाव घातलं. पहिल्या दिवशी घरी आली ती डोळे लाल करून. “लई पाणी प्यायले. पण तरंगले गं!”

वल्हवायचा सराव गच्चीवर. जुनी गादी म्हणजे होडी, फरशी पुसायचे वायपर म्हणजे वल्ही. पुढे मी बसले. पुढारी पुढेच बसणार! पाच मिनिटांत आमचे वायपर एकमेकांत अडकले.

“तू मोर्च्यात चाललीस का?” ती मागून ओरडली. “मागं माणूस हाय, बग तरी!”

घरमालकीण मावशी पापड वाळत घालायला वर आली होती. तिचं घराणं जुनं भोसरीचं. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. “व्हय गं पोरींनो, ही काय तऱ्हा? गच्ची पुसायची तर उभं राहून पुसा की.” तिने पार्टनरच्या मोबाईलवर आमचा फोटो काढला, तोही स्वतःच्या अंगठ्यासकट.

पुढचा पराक्रम माझा. प्रवासाच्या बोलण्यासाठी मी मोबाईलवर ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं ‘सी-ऑफ’. समुद्रही आला, सुट्टीही आली. स्वतःवरच खूश झाले. वर सवयीने चार ओळी ठोकल्या: ‘आता नाही तर कधीच नाही! सी-ऑफ घेतल्याशिवाय माघार नाही!’ पार्टनरने लाइनवरच्या दोन मैत्रिणींना त्यात घेतलं, बॅग कुठली न्यावी हे विचारायला. त्या दोघींनी आणखी चौघींना घेतलं. सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत अख्खी लाइन ग्रुपवर.

‘ताई, कधी जायचं साहेबाकडे?’

‘माझे तर गेल्या दिवाळीपासूनचे बाकी आहेत.’

‘ताई, लाइफ जॅकेट आणा असं वर लिहिलंय. लाठीचार्ज होणार का?’

मी हसून लोळले. नंतर रागच आला. इतकी पत्रकं वाटली, तेव्हा ह्या बाया कुठे होत्या? एका गादीवरच्या होडीने जे केलं ते माझ्या पत्रकातल्या दहा मुद्द्यांना जमलं नव्हतं!

पार्टनर मात्र पांढरी पडली. “माझी सुट्टी घालवलीस तू. आता मला लीडर समजतील. समुद्र गेला माझा.”

“ग्रुप बंद करू?”

तिने नकाशावर आखलेल्या रेषेवरून बोट फिरवलं. “नको. त्यांचे बी खरेच बाकी हायेत की.”

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखं आठवतं. तिने रजेचा अर्ज भरला. आमच्या पट्ट्यात कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहायची रीत आहे. फारच अडलं तर एखादा चुलता मारायचा. तिने लिहिलं, ‘समुद्र बघायचा आहे.’

सुपरवायझर म्हणाला, “अहो, नीट कारण लिहा. घरगुती लिहा.”

“घरगुती न्हाई सर. समुद्रच हाय.”

“आणि तो ग्रुप? युनियन काढताय काय?”

तिने मावशीने काढलेला फोटो दाखवला. गादी, वायपर, अंगठा. तो आधी गंभीर होता, मग खुर्चीतच गदगदा हसायला लागला. हसताना वर पाहिलं, तर दारात सगळी लाइन, हातात अर्ज.

“तुम्ही पण अंदमानला?”

“न्हाई सर,” सगळ्यांत पुढची म्हणाली, “मी माहेरी. पण सी-ऑफ तोच.”

हसून झाल्यावर माणसाला लगेच खेकसता येत नाही. शनिवारी नोटीस बोर्डावर पाळ्या लागल्या. सगळ्यांचे सी-ऑफ मार्चच्या आत, आळीपाळीने. क्रांती नव्हे, हक्काचंच मिळालं. तरी मी त्या बोर्डाचा फोटो अजून जपलाय.

पार्टनरची पाळी सगळ्यांत शेवटी, मार्चच्या अखेरच्या आठवड्यात. आम्ही नकाशावरच्या तारखा खोडून नव्या घातल्या. पुढच्या गुरुवारी लाइनवरच्या बाया आमचा ‘समुद्र’ बघायला गच्चीवर आल्या, आपापले वायपर घेऊन. गाद्या कमी पडल्या तेव्हा मावशीने सतरंजी अंथरली आणि स्वतःच त्यावर पुढे बसली.

आमच्या गादीवर मी पुढे सरकत होते, तेवढ्यात पार्टनरने माझी ओढणी धरून मला मागे बसवलं.

“तू मागं. घोषणा नको देऊस. नुसतं वल्हव.”