कोऱ्या जागेवरची रेघ

कोरी जागा दिसली की शालोमकाकांना चैन पडत नसे. सही झाली की खाली उरलेल्या कागदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. "उद्या कोणी चार ओळी घुसडल्या तर?" माझ्या लग्नात दिलेल्या शुभेच्छापत्रावरही दोन ओळींच्या आशीर्वादाखाली ही रेघ होती. काहीतरी लिहून खोडलंय, असं वाटून सासरच्यांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

पनवेलच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे थांबाकाका म्हणत. कोणी पेन उचललं की यांचा पहिला शब्द "थांबा!" रेल्वेतून निवृत्त झालेला सडसडीत, अविवाहित माणूस. भावंडं इस्राएलला गेली. हे आणि थोरल्या भावाच्या विधवा पत्नी, मिरियमकाकू, तेवढे इथे एकाच घरात राहिले. काकूंना मूलबाळ नव्हतं. तुम्ही का नाही गेलात, असं विचारलं तर काका म्हणत, "प्रार्थनेपुरतं हिब्रू येतं मला. करारापुरतं नाही."

आधार कार्डाच्या झेरॉक्सवर ते आडवं लिहीत, 'फक्त सिमकार्डासाठी', आणि खाली तारीख. दुकानदार कपाळाला हात लावायचा. मी करंजाड्याचा फ्लॅट भाड्याने दिला, तेव्हा ते माझ्याही मागे लागले. "ओळखीचेच आहेत हो काका, अ‍ॅग्रीमेंट कशाला?" मी म्हणाले. "ओळख कोर्टात उभी राहत नाही, अगं. रजिस्टर कर. पोलिसांत कळव." मी चरफडत सगळं केलं. पुढे तो ओळखीचा माणूस जागा सोडेना, तेव्हा तोच करार कामी आला. मी पेढे घेऊन गेले, तर काकांनी आधी खोक्यावरची तारीख वाचली आणि मग पेढा उचलला.

शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी ते पेनाला हात लावत नसत. नव्या विमानतळामुळे गल्लीत जागेच्या दलालांची ये-जा वाढली होती, त्यातला एक नेमका शनिवारी यायचा. "आज मला त्याच्या कागदावर रेघा मारता येत नाहीत ना, म्हणून येतो लेकाचा," काका दाराआडून पुटपुटत.

असा हा माणूस, पण त्याने स्वतःचं मृत्युपत्र केलं नव्हतं! हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हा मी विचारलं आणि थक्कच झाले. घर एकट्या काकांच्या नावावर. मृत्युपत्राशिवाय ते गेले असते, तर घर इस्राएलच्या भावंडांचं. भावाच्या विधवेला त्यात कणभरही वाटा नाही. तिकडचा पुतण्या फोनवर आतापासूनच म्हणत होता, "घर विकू, काकूंची आश्रमात छान सोय करू."

"मग करत का नाही?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"दोन साक्षीदार लागतात," काका म्हणाले. "विश्वासाची दोन माणसं आणू कुठून?"

इतकी वर्षं शेजारी राहून हे ऐकायचं! मला राग आला.

मग एक दिवस पुतण्या स्वतःच इस्राएलहून आला. त्या शनिवारवाल्या दलालाला घेऊन तो दोन-तीनदा घरी येऊन गेला. पुढच्या रविवारी काकांनी मला आणि गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. मिरियमकाकूंनी चहा दिला, पण त्यांचे डोळे सुजलेले होते. टेबलावर एक कागद होता, वर वर्तमानपत्र पसरलेलं. सह्यांपुरती जागा तेवढी उघडी. यांनी पुतण्याचं ऐकलं की काय?

"काका, वाचू द्या."

"नाही. माझ्या सहीचे साक्षीदार आहात तुम्ही, मजकुराचे नाही. मी सही करताना बघा आणि मग तुमची करा."

"न वाचता सही करू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं. पण हा मजकूर तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुमच्याकडून तो कोणी काढून घेऊ शकणार नाही. माझ्यावर विश्वास नाही का?"

हे विचारणारे थांबाकाका! डॉक्टर हसून म्हणाले, "कर बेटा, कर. पेशंट खोळंबलेत माझे." काकांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, मग डॉक्टरांनी. मी दारातल्या काकूंकडे पाहिलं. यांना बेघर करणाऱ्या कागदावर तर मी सही करत नाही ना? तरी मी सही केली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पावसाळा संपता संपता काका गेले. वकिलांनी सगळ्यांसमोर मृत्युपत्र वाचलं. घर मिरियमकाकूंचं. पुतण्याने कागद ओढून घेतला, उजेडात धरला, उलटसुलट केला. काही सापडेना, तेव्हा तो माझ्यापुढे सरकवला, "ही तुमचीच सही ना?"

"माझीच," मी म्हणाले आणि तो कागद पहिल्यांदा नीट पाहिला. मजकूर संपतो तिथून काकांच्या सहीपर्यंत ती ओळखीची तिरकी रेघ होती. डॉक्टरांच्या आणि माझ्या सहीखाली मात्र चांगली वीतभर जागा कोरी होती, आणि शालोमकाका कुठे रेघ मारायला विसरतील, हे शक्यच नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.