पोट राहू द्या

हॉटेलात सिरक्यातला कांदा पुढं आला की मला उस्मानपुऱ्यातली आमची न्हाणी आठवते. फोटो धुताना तिथं असाच आंबूस वास सुटायचा. खिडकीला गोधडी, लाल दिवा आणि भिंतीवर दाराएवढा फोटोचा कागद. एका पुढाऱ्याला संध्याकाळच्या सत्कारासाठी स्वतःची भव्य तसबीर हवी होती आणि तेवढा कागद एकच होता. माझे फोटोग्राफर मित्र हमीदभाई त्यावर स्पंजानं चित्र उमटवायचं औषध फिरवत होते. फेटा उगवला, मिशा उगवल्या, छातीही आली, पण औषध संपत आलं.

दाराबाहेर पुढारी ताटकळत होते. हमीदभाई आतूनच म्हणाले, “साब, दवा खतम होरी. पेट बाकी है.”

बाहेरून आवाज आला, “पोट राहू द्या. तसंबी लई दिसतंय.”

आम्ही खालच्या भागावर नुसतं पाणी सोडलं आणि तोंड दाबून हसलो. आता वाटतं, स्वतःच्या पोटावर पाणी सोडणारा पुढारी मी तेवढा एकच पाहिला.