आधी माणसं बाहेर

माझी सून कोळशाच्या खाणीत काम करते. तिच्या लग्नापासून हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की पुढचे प्रश्नही पाठ झालेत. ऑफिसात का? नाही, खाली. खाली म्हणजे जमिनीखाली? हो. मग घरचे काही म्हणत नाहीत? घरची मीच आहे, मी काही म्हणत नाही. उत्तनहून मासळी घेऊन येणारी बाई तेवढी म्हणाली, "न्हाय गं बाय, त्यापरीस दर्या बरा हाय," आणि बोंबलांचे वाटे लावायला बसली.

गेल्या वर्षी सून महिनाभराची रजा काढून बेव्हर्ली पार्कला आमच्या फ्लॅटवर आली, अभ्यासाला. वणीकडे खाणीच्या कॉलनीत तिला कुणी पुस्तक उघडू देत नाही. माझा मुलगा नोकरीसाठी नागपूरला, तिथे तिच्या माहेरचं अर्धं गणगोत, म्हणजे अभ्यास तिथेही नाहीच. मॅनेजरच्या परीक्षेतले बाकीचे पेपर तिने काढले होते. कायदा झाला, कोळसा काढण्याच्या पद्धती झाल्या, यंत्रं झाली, मोजणी झाली. एकच अडून बसला होता: खाणीतली हवा, स्फोट, आग आणि पाणी. त्यात ती दोनदा नापास झाली होती. आता तिसऱ्यांदाही गेला तर साहेब तिला वरच्या ऑफिसात बसवणार होते, फायली बघायला.

"मला वर नाही बसायचं आई," ती आल्या आल्या म्हणाली. "मी खाली कामं करायला शिकली आहे."

"मग पास हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी शाळेच्या ऑफिसात काम करते. रडणारी मुलं आणि त्यांच्याहून जास्त रडणारे पालक दिवसभर बघते. घरी आल्यावर माझ्यात तेवढी माया उरत नाही.

प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. मला खाणीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रश्न वाचून दाखवायला कळावं लागत नाही. पहिल्या आठवड्यातच माझी एक साडी पॅसेजमध्ये आडवी टांगलेली सापडली.

"हे काय करून ठेवलंस?"

"पडदा आहे आई. खाणीत असाच कापडी पडदा लावून हवा वळवतात, जिथं माणूस काम करून राहिला तिथवर न्यायला." तिने उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते दाखवलं. धूर खरोखरच पडद्याला वळसा घालून आमच्या ह्यांच्या खोलीत गेला आणि आतून शिंक आली.

मला गंमत वाटायला लागली, हे कबूल करायला हरकत नाही. खाणीत हवेच्या वाटेवर एकामागे एक दोन दारं असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा जवळच्या वाटेने पळून जाते. कोळशाची धूळ उडाली तर तिचाही स्फोट होतो, म्हणून तिच्यावर दगडाची पूड मारून ठेवतात. कोळसा आतल्या आत तापून आपोआप पेटतो. आणि खाणीत ज्या गॅसला सगळे भितात तोच माझ्या शेगडीला पाइपने येतो.

"तोच?" मी विचारलं.

"हाव, तोच मिथेन. तुमच्या गॅसला मुद्दाम वास लावतात, आमच्याला वासच नाही राहत. हलका असतो, छताला जाऊन बसतो."

त्यानंतर काही दिवस मी दूध तापवताना छताकडे बघत असे.

इतकं सगळं येतं, मग ही नापास का होते, हे मला कळेना. दहा-बारा सराव-पेपर झाल्यावर कळलं. परीक्षा संगणकावर, चार पर्यायांची. काही प्रश्नांत चारही पर्याय बरोबर असायचे, विचारलेलं असायचं ते एवढंच की सगळ्यांत आधी काय कराल.

"गॅसचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलंय. मॅनेजर आधी काय करील?" मी वाचलं.

"पडदा नीट लावून हवा वाढवीन."

"चूक. माणसं बाहेर काढणं."

"ते तर आहेच ना!"

पुढचा प्रश्न. जुन्या भागातून जळका वास येतोय. ही म्हणाली, तिथं बांध घालून हवा तोडीन. पुन्हा चूक, आधी माणसं. पाणी फुटलं. ही पंपाकडे धावली.

"अगं, माणसं कुठे आहेत तुझी?" मी शेवटी ओरडले.

"ती तर आधीच निघालेली राहतात आई! एक इशारा केला की चालायला लागतात. ते काय कुणाला सांगावं लागते?"

"पेपरात सांगावं लागतं. तिथे तुझी माणसं नाहीत, नुसती अक्षरं आहेत."

तिला पटलं आणि दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच केलं. हात आधी कामाकडे जायचा. आता मीही जरा घाबरले, पण तोंडाने म्हटलं, "असंच कर, फायलींना तुझी वाट बघायचा कंटाळा आलाय."

परीक्षेला आठवडा असताना एका सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. शेगडीमागची नळी कुठेतरी चिरली असावी. आमचे हे दाढी अर्धी टाकून चहा ठेवायला गेले होते. त्यांनी वास घेतला आणि समंजसपणे एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला.

"बाबा! बटणाला हात नका लावू!" सून हॉलमधून अशी गरजली की त्यांनी दोन्ही हात वर केले. "बाहेर. आई, तुम्ही पण. आधी बाहेर, बोलणं नंतर."

आम्ही निमूटपणे जिन्यात गेलो. तिने आमच्याकडे बोट करून "एक, दोन" असं मोजलं, पदराने नाक झाकलं, आत जाऊन मीटरजवळचा कॉक बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि परत आली. समोरच्या गुजराती भाभी दारात आल्या होत्या. यांच्या गालावर साबण, हात अजून थोडे वरच.

"क्या हुआ भाभी? भाईसाब को अरेस्ट किया?"

"खदान से निकाला," मी म्हटलं.

हसणं संपल्यावर मी सुनेला म्हणाले, "आज बरी आधी माणसं काढलीस."

"मग आधी काय चहाचं पातेलं काढू?"

"पेपरात तू रोज पातेलंच काढतेस."

ती यांच्याकडे बघून हसायला लागली, थांबेचना. तेव्हाच ठरलं. प्रत्येक प्रश्न वाचला की आधी त्यात बाबांना उभं करायचं, अर्ध्या दाढीसकट. गॅस आला, बाबा आत आहेत. पाणी फुटलं, बाबा आत आहेत. यांना विचारलं नव्हतं, पण ते खूश होते. रोज संध्याकाळी विचारायचे, "आज किती वेळा बाहेर आलो?"

त्या आठवड्यात तिचा असा एकही प्रश्न चुकला नाही. परीक्षा देऊन ती परस्पर वणीला गेली. स्टेशनवरून एवढंच सांगितलं की हवेची गणितं लांब होती, आणि बाबा बरेचदा बाहेर आले.

निकालाच्या दिवशी मी शाळेत होते. तिचा फोन आला, मागे भोंगा वाजत होता.

"आई, निघाला पेपर. आता खालीच राहीन."

"किती मार्क? आणि तो पाण्याचा प्रश्न..."

"वर आल्यावर सांगते. फोन आत नेता येत नाही, जमा करून राहिली." आणि फोन बंद.

मी लगेच यांना कळवलं. त्यांनी विचारलं, मार्क किती. मी म्हटलं, खाणीतली पाळी संपेपर्यंत थांबा, बाई कामावर आहेत.